घराचे रक्षण, बंदूक आणि आपण

(डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीनिमित्त ऑकलंड येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



जयंतीच्या व्यासपीठावरून शिक्षण, धम्म, आरक्षण, स्त्रीमुक्ती अशा विषयांवर व्याख्याने होत असतात. यंदा कार्यकारिणीने आमच्यापुढे ठेवलेला विषय या परंपरेत सहज बसणारा नाही. मंडळाच्या काही तरुण सभासदांनी चिठ्ठीवर लिहून प्रश्न दिला आहे : घराच्या संरक्षणासाठी प्रथमच बंदूक घ्यावयाची झाल्यास नवशिक्याने कोणती निवडावी? हा प्रश्न एखाद्या माजी सैनिकास किंवा वकिलास विचारावयास हवा होता, असे कोणी म्हणेल. परंतु गोळी सुटल्यानंतर जे उरते ते अखेर वैद्यकाच्या हाती येते. म्हणून वैद्यकाने यावर बोलणे अप्रस्तुत ठरू नये.

आमचे उत्तर आम्ही आरंभीच सांगून टाकतो. या देशात, या हेतूसाठी, कोणतीही नाही. मात्र एवढेच सांगून खाली बसणे हा प्रश्नकर्त्यांचा अवमान होईल. त्यांचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही, कारण त्यामागील भीती खरी आहे.

ही भीती कोठून आली ते आपण सारे जाणतो. जून २००८ मध्ये दक्षिण ऑकलंडमधील मनुरेवा येथे मद्यविक्रीच्या दुकानात एका शीख दुकानदारावर दरोडेखोरांनी गोळी झाडली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. पोलिसांनी परिसर सुरक्षित करण्यात वेळ घेतला, रुग्णवाहिका दाराशी पोचण्यास विलंब झाला, आणि त्यावर बरीच टीकाही झाली. त्याच वर्षी ओटारा येथील दुसऱ्या एका भारतीय दुकानदाराने हल्लेखोरांना हॉकी स्टिकने परतविले, तर त्याच्यावरच आरोप ठेवण्यात आले. पुढे ते आरोप टिकले नाहीत. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सँडरिंगहॅम उपनगरात, येथे ज्याला डेअरी म्हणतात अशा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, गल्ला पळविणाऱ्या चोराच्या मागे गेलेल्या भारतीय वंशाच्या तरुणाचा भोसकून खून झाला. त्या सुमारास मोटारी घुसवून दुकाने फोडण्याचे सत्रही चालू होते. आपल्या समाजातील अनेक विद्यार्थी रात्री पेट्रोल पंपावर किंवा डेअरीत काम करून शिक्षणाचा खर्च भागवितात. आपल्या भगिनी रुग्णालयातील रात्रपाळी आटोपून पहाटे एकट्या घरी परततात. त्यांच्या मनात भय निर्माण झाले तर त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तेव्हा प्रथम कायदा पाहू. न्यूझीलंडमध्ये बंदुका नाहीत असा काहींचा समज असतो, तो चुकीचा आहे. येथे दोन लाखांहून अधिक लोकांजवळ बंदुकीचा परवाना आहे. शेतावरील ससे व पोसम यांचा उपद्रव आवरणे, हरणांची व बदकांची शिकार, निशाणबाजीचा खेळ, संग्रह ही त्यामागील कारणे होत. स्वसंरक्षण हे मात्र परवान्यासाठी ग्राह्य कारण मानले जात नाही. १९८३ च्या शस्त्र कायद्याने घातलेली चौकट अशी की, बंदूक बाळगण्यास कायदेशीर, उचित आणि पुरेसे प्रयोजन असले पाहिजे. अर्ज करणारा मनुष्य योग्य आहे की नाही हे पाहण्यासाठी त्याच्या पती वा पत्नीची किंवा निकटच्या माणसाची मुलाखत घेतली जाते. घरातील स्त्रीचे म्हणणे कायद्याने येथे विचारात घेतले आहे, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्याजोगी आहे. पिस्तुलासाठी तर याहून कडक अट आहे. त्यास वेगळी मान्यता लागते, आणि ती सर्वसाधारणपणे पिस्तूल क्लबच्या सभासदालाच मिळते. पिस्तूल उशाशी ठेवून झोपण्याचा प्रश्नच येत नाही.

हा कायदा एका दिवसात कडक झालेला नाही. १३ नोव्हेंबर १९९० रोजी डुनेडिनजवळच्या आरामोआना या लहानशा गावी एका परवानाधारकाने तेरा जणांना ठार केले. त्यानंतर १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन छायाचित्र असलेला, मुदतीचा परवाना आला. १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्च येथील दोन मशिदींत एकावन्न निरपराध माणसे मारली गेली. मारेकऱ्याजवळ परवाना होता, आणि तो देताना पोलिसांनी नीट चौकशी केली नव्हती असे पुढे शाही चौकशी आयोगाने नमूद केले. त्या हत्याकांडानंतर महिना उलटण्याआधी संसदेने एकशे एकोणीस विरुद्ध एक अशा मतांनी बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घातली. सरकारने भरपाई देऊन छपन्न हजारांहून अधिक बंदुका परत घेतल्या. जून २०२३ पासून प्रत्येक बंदुकीची नोंदवही सुरू झाली. २०२५ मध्ये सरकारने या कायद्याची फेरमांडणी हाती घेतली; म्हणून ज्याला शिकारीसाठी अथवा खेळासाठी परवाना काढावयाचा असेल त्याने त्या त्या वेळचे नियम अधिकृत ठिकाणी पाहून घ्यावेत, कोणाच्या ऐकीव माहितीवर विसंबू नये.

याचा अर्थ असा नव्हे की कायदा आपणास हात बांधून मार खाण्यास सांगतो. १९६१ च्या क्राइम्स अ‍ॅक्टचे अठ्ठेचाळीसावे कलम स्वतःच्या वा दुसऱ्याच्या रक्षणासाठी बळ वापरण्याची मुभा देते. त्या प्रसंगी परिस्थिती जशी आहे असे त्या माणसाला प्रामाणिकपणे वाटले, तीनुसार वाजवी असेल तेवढे बळ त्याने वापरावे, असा त्याचा आशय आहे. बळ वापरणे आणि शस्त्र बाळगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. २००६ मध्ये ऑकलंडमधील पेनरोज येथे, बंदुकांच्याच दुकानात, मोठा सुरा घेऊन आलेल्या माणसावर दुकानदाराने पिस्तुलाने गोळी झाडली. त्याच्यावर आरोप आला तो गोळी झाडल्याचा नव्हे, तर पिस्तूल बाळगल्याचा. पुढे तो फेटाळला गेला, पण मधल्या काळातील न्यायालयाचे हेलपाटे त्यास चुकले नाहीत. तो तर परवानाधारक व्यापारी होता. व्हिसाच्या मुदतीवर ज्यांचे भवितव्य टांगलेले आहे अशा आपल्या तरुणाला असा एक आरोप काय किमतीस पडेल याचा विचार करावा. मिरपुडीचा फवारा किंवा सुरा स्वसंरक्षणासाठी म्हणून खिशात घेऊन सार्वजनिक ठिकाणी फिरणे हाही येथे गुन्हा ठरू शकतो.

आता क्षणभर असे समजू की कायद्याची आडकाठी नाही. तरी बंदूक घराचे रक्षण करील काय? हा प्रश्न तंत्राचा आहे आणि त्याकडे तसेच पाहिले पाहिजे. पिस्तूल लहान, हाताळण्यास सोपे दिसते. पण थरथरत्या हाताने त्याचा नेम धरणे सर्वांत अवघड, आणि नवशिक्याच्या हातून त्याची नळी नकळत भलत्या दिशेला वळते. रायफलची गोळी शेकडो मीटर जाते. छर्ऱ्यांची बंदूक जवळून सर्वांत भीषण जखम करते, आणि खोलीच्या आतल्या अंतरावर तिचे छर्रे फारसे पसरतही नाहीत. म्हणजे नेम धरण्याची गरज तिनेही संपत नाही. आणि या देशातील आपली घरे कशी आहेत? लाकडी सांगाड्यावर बाहेरून फळ्या किंवा विटांचा एक थर, आतून जिब म्हणजे जिप्समच्या पातळ तक्त्यांच्या भिंती. या भिंतीवर खिळा ठोकताना तो कसा आरपार जातो हे आपण पाहिले आहे. बैठकीच्या खोलीत सुटलेली गोळी अशा भिंती भेदून पलीकडच्या खोलीत जाऊ शकते. पलीकडच्या खोलीत मुले झोपलेली असतात.

येथील बंदूक-सुरक्षा संहितेत सात नियम शिकविले जातात. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे समजावे, नळी सदैव सुरक्षित दिशेस ठेवावी, झाडण्याची वेळ येईपर्यंत ती भरू नये, लक्ष्याची निःसंशय ओळख पटल्यावाचून चाप ओढू नये, गोळीच्या मार्गात व त्यापलीकडे काय आहे ते पाहावे, बंदूक व काडतुसे सुरक्षित जागी ठेवावीत, आणि मद्य वा अमली पदार्थ घेऊन बंदुकीस हात लावू नये. यांतील कोणता नियम मध्यरात्री, झोपेतून दचकून उठलेल्या, चष्मा न सापडलेल्या गृहस्थाला पाळता येईल? लक्ष्याची ओळख पटविण्याचा नियम अनुभवी शिकारीही दिवसाउजेडी मोडतात आणि आपल्याच सोबत्याला हरीण समजून मारतात. अशा घटना या देशात घडलेल्या आहेत. मग अंधाऱ्या वाटेवर उभा असलेला माणूस चोर आहे, की उशिरा परतलेला आपला मुलगा आहे, हे कोण ठरविणार? शिवाय सुरक्षित साठवणीचा नियम पाळावयाचा तर बंदूक कुलूपबंद कपाटात, काडतुसे निराळ्या ठिकाणी. कायद्याने ठेवलेली बंदूक चोराच्या वेळी हाती येत नाही, आणि हाती येईल अशी ठेवलेली बंदूक कायद्याने ठेवलेली नसते. यातून पळवाट नाही.

आता वैद्यक म्हणून जे सांगावयाचे आहे ते सांगतो. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहर ज्यात मोडते त्या किंग परगण्यातील मृत्यूंचा अभ्यास केलरमन आणि रे या दोघांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. बंदूक असलेल्या घरांत त्या बंदुकीने झालेले मृत्यू त्यांनी तपासले. स्वसंरक्षणार्थ झालेल्या दर एका मृत्यूमागे त्रेचाळीस मृत्यू आत्महत्या, खून किंवा अपघात यांचे आढळले. या अभ्यासावर आक्षेपही घेतले गेले. बंदूक नुसती दाखवून चोर पळाला असेल तर तो त्यात मोजला जात नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून १९९३ मध्ये केलरमन व सहकाऱ्यांनी निराळ्या पद्धतीने, जुळणाऱ्या घरांची तुलना करून पाहिली. तेव्हाही बंदूक असलेल्या घरात खुनाचा धोका सुमारे पावणेतीन पट दिसला, आणि तो धोका मुख्यतः घरातल्या वा ओळखीच्या माणसाकडून होता. अमेरिका आणि न्यूझीलंड एक नव्हेत, हे आम्ही जाणतो. परंतु माणसाचा राग, माणसाचे नैराश्य आणि मुलांचे कुतूहल ही सर्व देशांत सारखीच असतात.

यांतील नैराश्याचा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आत्महत्येचा आवेग पुष्कळदा अल्पकाळ टिकतो. तेवढा काळ टळला, कोणी जवळ बसले, उपचार मिळाले, तर त्यातील बहुसंख्य माणसे जगतात आणि पुढे नीट जगतात. गोळ्या घेऊन केलेल्या प्रयत्नात बहुतेकांना वाचविता येते. बंदुकीच्या प्रयत्नात दहांतील आठ-नऊ जण दगावतात. तेथे आमच्या हाती काहीच राहत नाही. या देशात १९९२ च्या कायद्यानंतर बंदुकीने होणाऱ्या आत्महत्यांचे प्रमाण, विशेषतः तरुणांत, लक्षणीयरीत्या घटले, असे क्राइस्टचर्च येथील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले आहे. परदेशी आलेला आपला तरुण एकाकी असतो. कर्ज काढून आलेला असतो. गावाकडे आईवडिलांना त्याने सर्व ठीक आहे असेच सांगितलेले असते. नोकरी गेली, परीक्षा हुकली, व्हिसा नाकारला गेला, तर त्या रात्री त्याच्या खोलीत काय असावे आणि काय नसावे, हा घराच्या संरक्षणाचाच प्रश्न आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. 'घराचे रक्षण' असे आपण म्हणतो तेव्हा संकट नेहमी दाराबाहेरून येते असे गृहीत धरतो. स्त्रियांचा अनुभव असा नाही. मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला धोका असतो तो दाराच्या आतून. अशा घरात बंदूक आली तर ती कोणाच्या हाती राहील आणि कोणाकडे रोखली जाईल, हे सांगण्यास विद्वत्ता नको. एखाद्या समाजाची प्रगती त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, असे बाबासाहेब मानीत. मग संरक्षणाचे मापही तेच असावे.

येथे काही तरुण बंधू म्हणतील, डॉक्टर, आपण तर लढवय्यांचे वंशज. आणि आम्हांला शस्त्र सोडावयास सांगता? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर इतिहासातच शोधले पाहिजे.

शस्त्रबंदी ही अनेकदा दुर्बलांवर लादली गेली, हे सत्य आहे. इंग्रजांनी १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना निःशस्त्र केले आणि युरोपियनांना त्यातून वगळले. याच न्यूझीलंडमध्ये १८६० चा शस्त्र कायदा माओरींच्या हाती बंदुका पडू नयेत म्हणून आला. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ सैन्यात होते. पण पुढे इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये निवेदन दिले. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर मोडली गेली. बाबासाहेब सतत मागणी करीत राहिले, आणि १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. हा अर्ध्या शतकाचा लढा कशासाठी होता? ज्याच्या त्याच्या माजघरात एकेक बंदूक असावी म्हणून नव्हे. राज्याचे रक्षण करण्याच्या कर्तव्यात आम्हांला बरोबरीचा वाटा द्या, ही ती मागणी होती.

संविधान सभेत हाच प्रश्न सरळ उभा राहिला होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती सुचविली. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात तसा हक्क होता, असा त्यांचा आधार होता. बाबासाहेबांनी ती दुरुस्ती स्वीकारली नाही. त्यांच्या उत्तराचा आशय असा की, आग्रह धरावयाचा तो व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नसून शस्त्र धारण करण्याच्या तिच्या कर्तव्याचा असावा. आणि असा हक्क सरसकट दिला तर चोर व सराईत गुन्हेगारही तो मागतील. दुरुस्ती नामंजूर झाली. म्हणजे नागरिकाच्या हातातील शस्त्राविषयी बाबासाहेबांचे मत काय होते, याचा तर्क करीत बसण्याचे कारण नाही. ते नोंदलेले आहे.

तरीही त्यांनी आपणास निमूट मार खाण्यास शिकविले नाही. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावरून परतलेल्या आपल्या माणसांवर हल्ला झाला तेव्हा तेथे सैन्यातून निवृत्त झालेले कित्येक लोक होते, आणि ते प्रतिकारास सज्ज होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. मग ते स्वस्थ बसले काय? हल्लेखोरांवर खटले झाले आणि शिक्षा झाल्या. तळ्याचा दिवाणी दावा दहा वर्षे चालला, आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आपण जिंकलो. त्या दिवशी सैनिकांनी हात उचलला असता तर दंगलीची नोंद झाली असती आणि हक्काची बाजू दुबळी झाली असती. आपल्या आजोबा-पणजोबांना बळ नव्हते म्हणून ते थांबले, असे कोणी समजू नये. त्यांच्याजवळ बळ होते, आणि म्हणूनच त्यांचे थांबणे मोलाचे ठरले.

भारतातील परिस्थिती निराळी आहे, हेही मान्य केले पाहिजे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ च्या नियमांत असे आहे की, अत्याचारप्रवण भागात प्रथम इतरांचे शस्त्रपरवाने तपासावेत, गरज पडल्यास रद्द करावेत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत, आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना संरक्षणासाठी परवाने द्यावेत. ज्या गावात सारा गाव एका वस्तीवर चालून येतो आणि पोलीस पाटीलही त्याच गावचा असतो, तेथे या तरतुदीला अर्थ आहे. पण तिच्यातील क्रम पाहा. आधी हल्लेखोराचे शस्त्र काढून घेणे आले, आणि तेही राज्याच्या जबाबदारीने. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेला आंधळा नियम न मानता तत्त्व मानले, आणि मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांत भेद केला, तो याच विवेकाने. गरज कोठे आहे आणि कोठे नाही, हे ओळखणे ही प्रज्ञा होय.

येथे ती गरज नाही. उलट शस्त्रे वाढली तर ती कोणावर रोखली जातील याची चिन्हे दिसलेली आहेत. या देशातील पोलीस नेहमीच्या गस्तीवर कमरेला पिस्तूल लावीत नाहीत. ऑक्टोबर २०१९ पासून सहा महिने काउंटीज मनुकाऊ, वायकाटो व कँटरबरी या तीन विभागांत सशस्त्र पथकांचा प्रयोग झाला. माओरी आणि पॅसिफिक समाजांनी त्यास तीव्र विरोध केला, कारण ही पथके आपल्याच वस्त्यांत फिरणार हे त्यांना कळत होते. जून २०२० मध्ये तो प्रयोग सोडून देण्यात आला. सावळ्या रंगाची माणसे म्हणून आपणही याचा बोध घ्यावा. अंधारात संशयाने पाहणाऱ्या शेजाऱ्याच्या हाती बंदूक असेल, तर त्याला संशयित वाटणारा चेहरा आपल्या मुलाचाही असू शकतो.

मग करावे काय? आमच्या परीने काही गोष्टी सांगतो.

दार, खिडकी, कुलूप आणि दिवा यांवर आधी खर्च करावा. हालचाल होताच लागणारा दिवा आणि मजबूत कडी यांची किंमत बंदुकीच्या तुलनेत नगण्य आहे. घरात एक खोली ठरवून ठेवावी, जिला आतून कडी आहे आणि जेथे फोन असतो. आवाज आला तर सर्वांनी तेथे जमावे, १११ ला फोन करावा आणि पत्ता स्पष्ट सांगावा. घरातील लहान मुलांना व गावाहून आलेल्या आजी-आजोबांना पत्ता इंग्रजीत सांगण्याचा सराव करून द्यावा. चोरी होऊन गेली असेल, तातडी नसेल, तर १०५ हा क्रमांक आहे. तक्रार अवश्य नोंदवावी. नोंद नसलेला गुन्हा सरकारच्या लेखी घडतच नाही, आणि बाबासाहेबांच्या अनुयायांना कागदाचे महत्त्व सांगण्याची गरज नसावी.

दुकानात काम करणाऱ्यांनी गल्ल्याच्या मागे धावू नये. गल्ल्यातील रक्कम पुन्हा मिळविता येते. २०२२ च्या त्या खुनानंतर सरकारने लहान दुकानांना धुके सोडणारी यंत्रे बसविण्यासाठी प्रत्येकी चार हजार डॉलरचे साहाय्य जाहीर केले होते. खोली धुक्याने भरली की चोराला काही दिसत नाही आणि माणसाला मागच्या दाराने निघून जाता येते. रात्रपाळीस एकट्या विद्यार्थ्याला ठेवणाऱ्या मालकाकडे असे यंत्र, धोक्याची घंटा आणि जोडीदार यांची मागणी करणे हा कामगाराचा हक्क आहे. ही मागणी एकट्याने केली तर नोकरी जाईल. मंडळाने केली तर ती ऐकावी लागेल.

शेजाऱ्याची ओळख करून घ्यावी. आपल्या गल्लीत नेबरहुड सपोर्टचा गट असेल तर त्यात नाव घालावे, नसेल तर सुरू करावा. आपण रविवारी आपल्याच माणसांत मिसळतो आणि सोमवार ते शनिवार भिंतीपलीकडच्या माणसाचे नावही विचारीत नाही. जातीने वेगळ्या केलेल्या वस्तीत आपल्या पूर्वजांना सक्तीने राहावे लागले. येथे आपण आपखुशीने तसे राहू नये.

रक्तस्राव थांबविण्याचे शिक्षण प्रत्येकाने घ्यावे. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरणे आणि मदत येईपर्यंत दाब न सोडणे, एवढ्यानेही प्राण वाचतात. मदत येण्यास लागणारी ती पंधरा-वीस मिनिटे जगविणारे हात समाजात जितके अधिक, तितका समाज सुरक्षित. आम्ही आणि आमचे वैद्यकीय क्षेत्रातील मित्र हे शिक्षण मंडळाच्या सभागृहात विनामूल्य देण्यास तयार आहोत. नावे आजच भोजनाच्या वेळी नोंदवावीत.

आणि शेवटची गोष्ट मनाच्या आरोग्याची. ज्याचे मन खचले आहे त्याने १७३७ या क्रमांकावर विनामूल्य फोन अथवा संदेश करावा. ज्या भगिनीला घरातच भय आहे तिच्यासाठी विमेन्स रेफ्यूज आहे, आणि स्थलांतरित व आशियाई स्त्रियांसाठी १९९५ पासून काम करणारी शक्ती ही संस्था आहे. तेथे जाणाऱ्या स्त्रीबद्दल आपल्या समाजात कुजबुज होऊ देऊ नये.

क्राइस्टचर्चच्या लिनवुड मशिदीत अब्दुल अझीझ यांच्या हाती बंदूक नव्हती. जवळचे कार्डयंत्र त्यांनी मारेकऱ्यावर फेकले, त्यानेच टाकून दिलेली रिकामी बंदूक उचलून त्याच्या मोटारीची काच फोडली, आणि त्याला पळवून लावले. पुढे त्यांना न्यूझीलंड क्रॉस हे शौर्यपदक मिळाले. धैर्य बंदुकीबरोबर दुकानात मिळत नाही.

तरुण मित्रांनी विचारलेल्या प्रश्नात 'निवड' हा शब्द आहे. त्यांनी निवड जरूर करावी. बाबासाहेबांनी आपल्या हाती लेखणी, मत आणि संघटना दिली. यांतील कोणतेही साधन घरात मुलांच्या हाती लागले तर धोका नाही, उलट ती लहानपणीच त्यांच्या हाती लागावीत अशी आपली इच्छा असते.

 जय भीम. जय भारत. नमो बुद्धाय.